पगाराचं पाकीट आणि खात्यातला आकडा



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी घरखर्च हा विषय सांगितला. स्मृतिव्याख्यानासाठी तो लहान वाटेल, असं एक-दोघांनी सुचवलंही. मला तसं वाटत नाही. गव्हाण, न्हावे, जासई, उलवे या पट्ट्यात गेल्या पन्नास वर्षांत जे घडलं, त्याचा हिशेब शेवटी घराघरातच लागला आहे. महिन्याचा पैसा रोख घेऊन पाकिटांत वाटून ठेवावा, की खात्यात राहू द्यावा आणि कार्डाने खर्च करावा, हा प्रश्न आज प्रत्येक घरात आहे. बचत गटांच्या वह्या लिहिता-तपासताना माझं आयुष्य गेलं. त्या वह्यांतून मला जे दिसलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात आल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ हे दोन दिवस इथे कुणाला सांगायला नकोत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. जमिनीचा मोबदला किती, कोणाला आणि कधी, यासाठी ती माणसं लढली. पण मोबदला हातात आल्यावर तो घरात कसा टिकवायचा, हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या अंगावर पडला. त्यासाठी मोर्चा निघाला नाही, शिबिर भरलं नाही, एखादं माहितीपत्रकही कुणी काढलं नाही.

शेती होती तेव्हा घरात पैसा थोडा असायचा. पण भाताची वाटणी पक्की होती. खायचं भात कणगीत. बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात, आणि त्या मुड्याला पावसाळ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मजुरीचं वेगळं, देवाचं वेगळं. पाहुणे आले, आजारपण आलं, तरी मुडा फोडायचा म्हणजे घरातल्या म्हातारीपासून सगळ्यांशी वाद घालावा लागे. शिस्त माणसाच्या मनावर सोडलेली नव्हती, घराच्या मांडणीतच होती. जमीन गेली आणि तिच्या जागी आला एक आकडा. तो एकाच खात्यात, बहुतेक वेळा एकाच पुरुषाच्या नावावर. त्यातला खायचा किती, पेरायचा किती, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नव्हतं. घर बांधलं, गाडी घेतली, सोनं झालं, लग्नात हळदीला मंडप मोठा झाला. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर चुकीची नव्हती. पण प्रत्येक वेळी हात त्याच ढिगात जात होता आणि ढीग बराच वेळ मोठाच दिसत होता. आमच्या लोकांना उधळे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. ते मला कधीच पटले नाहीत. मुड्याची शिस्त पिढ्यान् पिढ्या पाळणारी माणसं एका रात्रीत उधळी होत नाहीत. त्यांच्या हातात जो पैसा दिला गेला, त्याला कप्पे नव्हते.

आता पाकिटांकडे येते. गिरणी, गोदी किंवा कारखान्यात जाणाऱ्या माणसाचा पगार पूर्वी रोख, पाकिटातून यायचा. घरी आल्यावर त्याची वाटणी व्हायची आणि ती बहुधा घरातली बाई करायची. वाण्याचे, दुधाचे, शाळेच्या फीचे, गावी पाठवायचे. ज्या घरात पाकिटं नव्हती तिथे स्वयंपाकघरातले डबे होते. डाळीच्या डब्याच्या तळाशी, मसाल्याच्या बरणीमागे, जुन्या लुगड्याच्या घडीत, पदराच्या गाठीत. कोणत्या डब्यातले पैसे कशाचे, हे तिला न लिहिता पाठ असे.

आपल्याकडे या वाटणीला एक खास कारण होतं, ते म्हणजे आगोट. पाऊस सुरू व्हायच्या आधी चार महिन्यांचं तांदूळ, मीठ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं भरून ठेवायचं. कोळ्यांच्या घरात तर ही गरज दुप्पट, कारण पावसाळ्यात होडी किनाऱ्यालाच असते. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे दोन महिने मिळकत नाही आणि त्याच जूनमध्ये शाळा सुरू होतात. तेव्हा आगोटीचे पैसे दिवाळीपासूनच बाजूला पडायला लागत. जिच्या घरी ते पडत नसत, तिला मे महिन्यात सावकाराचं दार दिसे. वर्षभराच्या खर्चाचं भान महिन्याच्या पैशात उतरवायची ही रीत अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाइतकी पक्की आहे आणि ती आपल्या आयांनी, आज्यांनी चालवली.

अर्थशास्त्राने या रीतीकडे बऱ्याच उशिरा पाहिलं. पैसा कुठलाही असो, सारखाच, अशी त्या शास्त्राची जुनी धारणा. रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की माणूस मनात वेगवेगळी खाती ठेवतो आणि एका खात्याचा पैसा दुसऱ्यात सहजी टाकत नाही. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी १९९४ मध्ये व्हिवियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकन गृहिणींचे पत्र्याचे डबे आणि पाकिटं यांचा इतिहास लिहिला. जपानमध्ये हानी मोतोको यांनी घरखर्चाची छापील वही १९०४ सालीच काढली होती. म्हणजे ही रीत एकट्या कोकणाची नाही. जिथे मिळकत तुटपुंजी आणि जबाबदारी मोठी, तिथल्या बायकांना ती आपोआप सुचलेली दिसते.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो दिलीप सोमण आणि अमर चीमा यांचा प्रयोग. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि झाला होता भारतातल्याच ग्रामीण भागात, बांधकामावरच्या मजुरांमध्ये. मजुरीतली ठरावीक रक्कम बचत म्हणून बंद पाकिटात वेगळी करून द्यायची. काहींना एक पाकीट दिलं, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत वाटून दिली. काही पाकिटांवर त्या मजुराच्या मुलांचा फोटो लावला. दोन पाकिटं मिळालेल्यांची बचत जास्त झाली आणि फोटो असलेल्या पाकिटांनीही बचत वाढवली. एक पाकीट फोडलं तरी दुसरं बंद असतं, आणि ते फोडताना माणूस पुन्हा एकदा थांबून विचार करतो. थांबण्याची ती जागा निर्माण करणं, हेच पाकिटाचं काम आहे.

कार्डाने हीच जागा काढून टाकली. कार्डाची निंदा करायला मी उभी नाही, ते काय करतं एवढं सांगते. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेत बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव लावला होता. पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांनी रोख देणाऱ्यांच्या दुपटीपर्यंत बोली लावल्या. हा निष्कर्ष २००१ मध्ये छापला गेला. डेबिट कार्डात उधारी नसते, म्हणून तो जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. तरीही नोट हातातून जाताना जे जाणवतं ते कार्ड घासताना जाणवत नाही, हे आपण सगळे अनुभवतो. पाचशेची नोट मोडताना मन कुरकुरतं. खात्यातून पाचशे गेले तर फोन एकदा वाजतो आणि आपण पुढच्या दुकानात शिरतो.

माझ्या मते कार्डाची खरी अडचण याहून वेगळी आहे. बँकेचा संदेश शिल्लक एकच दाखवतो. समजा खात्यात अठरा हजार आहेत. त्यातले चार शाळेचे, तीन आगोटीचे, दोन विजेच्या बिलाचे आहेत, हे तो संदेश सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला अठरा हजारच दिसतात. मुलाला वाटतं मोबाइलचा हप्ता सहज बसेल, नवऱ्याला वाटतं मित्राला दोन हजार हातउसने देता येतील. खोटं कुणीच बोलत नसतं. पैसा पुन्हा एकदा ढीग झालेला असतो.

आपल्या जवळचं एक गाव या बदलाच्या अगदी मधोमध सापडलं होतं. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानांत कार्ड घासायची यंत्रं बसली. तेव्हा सगळी चर्चा यंत्रं किती आणि खाती किती यांचीच झाली. गावातली बाई महिन्याच्या पैशाची वाटणी आता कुठे करणार, हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. त्यानंतर कार्डापेक्षाही सोपा मार्ग रुळला. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आज मासळी विकणाऱ्या मावशीच्या टोपलीशेजारीही चौकोनी कोडचा पुठ्ठा असतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, खोट्या नोटेची भीती गेली. तिला हे हवंच होतं आणि ते तिच्याकडून काढून घ्यावं असं मी कधीही म्हणणार नाही.

आणि रोखीचं नुसतं गुणगान करणं मला शक्यही नाही. डब्यातला पैसा उंदीर कुरतडतो, पुरात भिजतो, चोर नेतो. व्याज मिळत नाही आणि महागाई त्याला दर वर्षी थोडा खाते. दारू पिणाऱ्या नवऱ्याला डबा सापडतोच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत बायकांना वर्षानुवर्षं साठवलेलं धन नवऱ्यासमोर, सासूसमोर उघडं करावं लागलं. ‘एवढे आले कुठून?’ हा प्रश्न त्यांना घरातच विचारला गेला. ते पैसे भाजीत घासाघीस करून, रिक्षाऐवजी पायी जाऊन, स्वतःला साडी न घेऊन आलेले होते. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीला तर आयकर खात्यानेही हाच प्रश्न विचारला. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला की नोटाबंदीच्या काळात गृहिणीने खात्यात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड तिचं लपवलेलं उत्पन्न समजता येणार नाही. घरात वाचवलेला पैसा ही बाईच्या कामाची मिळकत आहे, याला त्या निर्णयाने निदान बळ दिलं.

इंग्लंडमध्ये १९४३ साली न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून बायकोने १०३ पौंड वाचवून सहकारी संस्थेत ठेवले होते. न्यायालय म्हणालं, हे पैसे नवऱ्याचे. कायदा बदलायला १९६४ साल उजाडलं आणि तेव्हाही तिला मिळाला अर्धा वाटा. पाकिटात पैसे घालणारी बाई त्या पाकिटाची मालक असते का, हा प्रश्न म्हणूनच पाकीट की कार्ड या प्रश्नाच्याही आधी येतो.

याचं उत्तर मला सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये दिसलं. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बायका शिकलेल्या नाहीत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढे त्यांनीच बँकेला सांगितलं की पासबुक घरी न्यायला नको, नवरा बघतो आणि पैसे मागतो. त्यातून त्यांच्यासाठी कार्डाची सोय झाली. म्हणजे तिथे कार्डच बाईचं बंद पाकीट झालं. नोटांपेक्षा ते लपवायला सोपं आणि फोडायला अवघड. म्हणून कार्ड वाईट आणि रोख चांगली, असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही.

बँकेबद्दल बोलताना पनवेल-उरणच्या माणसासमोर कर्नाळा नागरी सहकारी बँकेचं नाव टाळता येत नाही. जून २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला पाचशे रुपयांपलीकडे काढता येईना. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवींवरचं विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झालेलं होतं, म्हणून लहान ठेवीदारांना आधार मिळाला. त्याहून मोठी रक्कम एकाच जागी ठेवलेल्यांचं काय झालं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मोबदल्याचा पैसा असेल तर एका बँकेत पाच लाखांपलीकडे ठेवू नका. ठेव आणि व्याज मिळून पाच लाख, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा धरून. कप्पे बँकांचेही करावे लागतात.

मग घरात करायचं काय? मी बचत गटांत जे सांगते तेच इथे सांगते. वर्षाचे मोठे खर्च आधी कागदावर लिहा. समजा आगोटीला दहा हजार, शाळेला बारा, गणपतीला आठ, दिवाळीला आठ, विमा आणि घरपट्टी मिळून दहा. एकूण ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार. हे चार हजार घरखर्चाच्या खात्यात एक दिवसही राहू देऊ नका. पगार जमा होतो त्याच दिवशी ते दुसऱ्या खात्यात जातील अशी स्थायी सूचना बँकेला देता येते. त्या खात्याचं कार्ड घेऊच नका, घेतलं असेल तर बंद ठेवा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपलं कार्ड चालू-बंद करणं आणि त्याला मर्यादा घालणं खातेदाराच्या हातात आहे. फार थोड्या घरांनी ही सोय वापरलेली मला दिसते. पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. ती पाच वर्षांची असते, म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी ती योग्य, आगोटीसाठी नाही.

भाजी, मासळी, दूध, किरकोळ वाणसामान यांचे पैसे मात्र आठवड्याला रोख काढा आणि पाकिटातच ठेवा. इथे मी ठाम आहे. हेच खर्च रोज होतात, रोज थोडे वाढतात आणि कार्डावर दिसत नाहीत. पाकीट शुक्रवारी रिकामं झालं तर शनिवारी डाळ-भात आणि सुकट. एटीएममधून वारंवार काढू नका. आपल्या बँकेत महिन्याला पाच वेळा फुकट, त्यापुढे मे २०२५ पासून दर खेपेला २३ रुपयांपर्यंत शुल्क लागतं. आठवड्याला एकदा काढलं तर ते लागत नाही. ज्यांना नोटा नकोतच, त्यांनी यूपीआय लाइट पाहावं. त्यात आधी पैसे भरायचे, पाच हजारांपर्यंत, आणि तेवढेच खर्चायचे. तेही पाकीटच आहे. पण त्यात हजारापर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही, तेव्हा त्यात आठवड्याचेच पैसे भरा.

हळदीबद्दल थोडं बोलते, रागावू नका. लग्न ठरलं त्या दिवशी हळदीची रक्कम ठरवून वेगळ्या खात्यात टाका, आणि मंडपवाल्याला, बँडवाल्याला, केटररला त्याच खात्यातून द्या. संपली की हळद तिथे संपली.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने आजचा सगळ्यांत महत्त्वाचा. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये बायकांच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले. अनेकींच्या नावावर नियमित पैसा येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या योजनेच्या राजकारणात मी शिरत नाही. मी वह्या तपासताना विचारते, ‘ताई, पैसे आल्याचा संदेश कुणाच्या फोनवर येतो?’ आणि पुन्हा पुन्हा उत्तर येतं, ‘ह्यांच्या’, नाहीतर ‘पोराच्या’. खातं तिचं, कार्ड तिचं, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर दुसऱ्याचा. ओटीपी त्याच्याकडे जातो, शिल्लक त्याला कळते, पिनही त्यानेच तयार केलेला असतो. डाळीच्या डब्यातल्या पैशावर तिच्या आजीचा याहून जास्त ताबा होता. यात नवऱ्याचा किंवा मुलाचा हेतू वाईट असतो असं नाही. खातं उघडायला तो सोबत गेला, त्याचा नंबर पाठ होता, अर्जात तोच लिहिला गेला.

हे दुरुस्त होतं. आपला स्वतःचा मोबाइल, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन शाखेत जायचं आणि नंबर बदलण्याचा अर्ज भरायचा. नंबर बदलल्याचा संदेश तुमच्या फोनवर आला की एटीएमवर जाऊन नवा पिन स्वतः टाकायचा. वाचता येत नसेल तर गटातल्या बाईला सोबत न्या, पण पिन टाकताना तिलाही मागे उभं राहायला सांगा. गव्हाण आणि शेजारच्या गावांतल्या गटांनी पुढच्या मासिक बैठकीचा दिवस यासाठीच ठेवावा आणि सगळ्यांनी मिळून एकदमच शाखेत जावं, अशी माझी विनंती आहे. मीही येईन. कोणत्या गटाची बैठक कोणत्या तारखेला आहे, ते व्याख्यान संपल्यावर इथे टेबलाशी ठेवलेल्या वहीत लिहून द्या.